झाडे मॅडमचं अर्धं राहिलेलं गाणं

मॅडमबद्दल मी लिहावं हे मला स्वतःलाच पटत नाही. मला संगीतातलं फारसं कळत नाही. जे थोडं कळतं ते त्यांनीच शिकवलं, आणि त्यातलंही निम्मं त्यांच्या भीतीने लक्षात राहिलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे कुठला शब्द कुठे शोभतो हे विचारायला घरी कोणी नाही. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. मॅडमनी घेतलं नसतं. त्या म्हणाल्या असत्या, "येत नाही तर काऊन करतं?" आणि मग येईपर्यंत उठू दिलं नसतं.

त्यांचं नाव वत्सला झाडे. तेलंगणातल्या आदिलाबादच्या आमच्या खाजगी डिग्री कॉलेजात त्या इंग्रजी शिकवायच्या. नोकरी कायम नव्हती. दर जूनमध्ये प्राचार्य बोलावून "यंदाही या" म्हणत, तेवढीच त्यांची नेमणूक. आजोबा दुसऱ्यांच्या शेतात राबलेले, वडील जिल्ह्यातल्याच बेल्याकडे शाळामास्तर. मॅडम हैदराबादला मिशनच्या वसतिगृहात राहून शिकल्या आणि तिथल्या सिस्टरांनी त्यांना चर्चच्या गायनात उभं केलं. तिथे त्यांना जे लागलं ते पुढे सुटलं नाही. युरोपातलं तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत, बरोक म्हणतात त्या काळातलं. लॅटिनमधली देवाची गाणी, आणि ग्रीक लोकांच्या जुन्या शोकांतिकांवरचे ऑपेरे. ऑपेरा म्हणजे अख्खं नाटक गाण्यात. पण मॅडमचा प्रकार त्यातही वेगळा होता. पडदा नाही, पोशाख नाही, अभिनय नाही. हातात कागद धरून रांगेत उभं राहायचं आणि बाप पोरीला मारायला नेतो हे फक्त गळ्यातून सांगायचं.

आदिलाबादमध्ये हे कशाला, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटत होतं. मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हैदराबादेत मी मागच्या रांगेत उभी राहून गायले. माझ्या जिल्ह्यात एकदा, पूर्ण, मधे न थांबता झालं पाहिजे. मग मी मोकळी." यापेक्षा जास्त त्यांनी कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

गाणारे त्यांनी निवडले हजेरी घेताना. आम्ही "प्रेझेंट मॅडम" म्हणायचो आणि त्या मान वर न करता कागदावर काहीतरी खूण करायच्या. मला वाटायचं मी दांड्या मारतो म्हणून लिहितात. एक दिवस माझ्या नावाशी थांबल्या.

"पुन्हा म्हण."

"प्रेझेंट मॅडम."

"आवाज विहिरीतून आल्यासारखा आहे. चार वाजता चर्चमध्ये ये."

वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, "हसणाऱ्यांनी येऊ नये. तुमचे आवाज डब्यातून येऊन राह्यले."

त्यांच्या पर्समध्ये बसच्या पासाशेजारी ट्यूनिंग फोर्क असायचा, दोन दातांचा लोखंडी काटा. गुडघ्यावर आपटून कानाशी धरला की त्यातून एकच शुद्ध सूर निघायचा. सुरुवातीचा सूर देण्यासाठी तो असतो. मॅडम तो माणसांवरही वापरत. प्राचार्य लाऊडस्पीकरवरून सूचना देऊ लागले की मॅडम वर्गात काटा आपटून ऐकायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "सूचना खोटी असेल एक वेळ, पण बेसूर कशाला?"

त्यांना आवडत नसलेल्या गोष्टी फार होत्या. टाळ्या आवडत नसत. "टाळी ही डास मारायची क्रिया आहे." चौकाचौकातले वाढदिवसांचे फ्लेक्स आवडत नसत. "ज्याला आवाज नाही त्याला फ्लेक्स लागतो." आमच्या गावांबद्दल म्हणायच्या, "तुमच्याकडे लाऊडस्पीकर आधी आला. गाणं अजून रस्त्यात आहे." आम्ही हसायचो, पण घरी जाऊन ऐकलं की पटायचंही.

सगळंच पटायचं असं नाही. आमच्यात एक बारीक चणीचा मुलगा होता, आवाज फार छान. दोन दिवस आला नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मॅडम, कापसाची वेचणी होती."

"मग कापूसच वेच."

तो गेला तो परत आलाच नाही. हे बरोबर नव्हतं. मला आजही बरोबर वाटत नाही. ज्या घरांना वेचणी चुकत नाही तशाच घरातून मॅडमही आल्या होत्या, त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. कदाचित माहीत होतं म्हणूनच त्या तशा बोलल्या असतील. त्यांना दया येऊ लागली की त्या जास्त टोचून बोलत.

चर्च निवडलं ते तिथे कीबोर्ड होता म्हणून. तो पास्टर वाजवायचे. तेलुगू माणूस, मराठी तोडकी, स्वभाव गोड. तालीम संपली की ते म्हणत, "मॅडम, प्रार्थना तुम्ही घ्या ना आज."

"तुम्ही घ्या. माझं देवाशी भांडण आहे. त्याच्या गाण्यांशी नाही."

"भांडण आहे म्हणजे ओळख आहे," पास्टर म्हणत आणि स्वतः प्रार्थना घेत. मॅडम तेवढा वेळ उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत उभ्या राहत.

त्यांच्या वस्तीत उलटी तक्रार होती. मी एकदा कागद पोचवायला गेलो तेव्हा शेजारचे काका ओट्यावर बसून विचारत होते, "वत्सला, आपन बुद्धाचे लोक. तू किरिस्तावाची गानी काऊन म्हनतं वं?"

"काका, परवा लगनात डीजेवर नाचले ना तुमी?"

"नाचलो."

"ते कोन्त्या सुत्तातलं होतं?"

काका उठून आत गेले. राग आला की मॅडम पुस्तकी मराठी सोडून बेल्याच्या बोलीत यायच्या. तेवढ्यावरून आम्हाला कळायचं की आता जपून.

शिकवण्याची त्यांची पद्धत मात्र साधी होती. सगळं संगीत त्यांनी सारेगममध्ये उतरवून घेतलं होतं आणि लॅटिन शब्द देवनागरीत लिहून दिले होते. त्या गाण्यांत एक रांग ओळ सुरू करते, ती पुढे गेली की दुसरी रांग तीच ओळ मागून आणते, मग तिसरी. आम्ही सारखे एकमेकांत घुसायचो. मॅडम म्हणाल्या, "जिनिंगवर कापूस घेऊन चालल्या गाड्या. सगळ्यांना एकाच ठिकाणी जायचं आहे. पण पुढच्या गाडीवर चढायचं नाही, आणि मागे राहून झोपायचंही नाही. आपल्या बैलांकडे बघा, दुसऱ्याच्या घुंगरांकडे कान ठेवा." त्या दिवशी आमच्या गाड्या पहिल्यांदा न अडकता पोचल्या. मॅडमनी फक्त "हं" केलं. त्यांचं "हं" म्हणजे आमचा सत्कार.

ऑपेऱ्याची गोष्ट अशी. राजाचं सैन्य लढाईला निघालंय, पण वारा पडलाय, जहाजं हलत नाहीत. देवी सांगते, पोटच्या पोरीचा बळी दे, वारा सुटेल. राजा लग्नाच्या निमित्ताने पोरीला बोलावून घेतो. पोरीचं काम लावण्या करायची, आदिलाबादचीच तेलुगू मुलगी. राजा उटनूरकडचा भीमराव मडावी. त्याला दिवाळीत गोंडांच्या दंडारीत नाचायची सवय, त्यामुळे गाताना पाय थांबत नसत.

"मॅडम, मी पोरीले मारायले नेतो, अन् उभाच राहू? हात बी नाही उचलू?"

"हात उचलला की लोक हाताकडे बघतात. गळा उचल."

पाय तरीही हलायचे. मॅडमनी शेवटी त्याच्या चपलांभोवती खडूने गोल काढला. "याच्या बाहेर तुझं राज्य नाही."

पोरीला नेल्यावर माय येते. राजाची बायको. गोष्टीतलं सगळ्यात मोठं गाणं तिचं. ते मॅडम स्वतः गाणार होत्या. आम्हाला हाताने ताल देणं सोडून तेवढ्यापुरत्या त्या आमच्याकडे पाठ करून लोकांकडे तोंड करणार होत्या. पण तालमीत त्यांनी ते एकदाही गायलं नाही. तिथे आलं की हात हलवून म्हणत, "इथे माय येते," आणि पास्टरना पुढचं पान उलटायला लावत. लावण्या एकदा म्हणाली, "मॅडम, थोडं तरी म्हणा ना." त्यावर उत्तर मिळालं, "ते एकदाच म्हणायचं असतं." आम्ही मॅडमचा गाता आवाज असा पूर्ण ऐकलेलाच नव्हता. आम्हाला कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची वाट होती ती त्यासाठी.

स्नेहसंमेलन राऊत सरांकडे असायचं. राऊत सर कॉमर्स शिकवायचे, पण त्यांचा खरा विषय माईक. "अंदरिकी नमस्कारम्, सर्वांना नमस्कार, सबको आदाब," असं एका दमात म्हणून ते जे सुरू व्हायचे ते आभाराशिवाय थांबत नसत. त्यांना मॅडमचा कार्यक्रम फिका वाटला. संस्थेच्या अध्यक्षांनाही वाटला. "राजा हाये म्हनता, अन् पँट-शर्टात?" एका दुपारी राऊत सर नाटकाच्या सामानवाल्याकडून पेटारा घेऊन चर्चमध्येच आले. त्यात मुकुट होता, दाढी होती, छातीचं पत्र्याचं चिलखत होतं आणि एक गदा होती.

मॅडमनी गदा उचलून पाहिली. आतून पोकळ होती.

"ही कोणासाठी?"

"राजासाठी मॅडम. ग्रीक म्हणा, हिंदू म्हणा, राजाच ना. पब्लिकला कळलं पाहिजे कोण मेन आहे ते."

मॅडमनी मुकुट काढला, नीट पुसला आणि राऊत सरांच्याच डोक्यावर ठेवला. "कळलं," म्हणाल्या. "आता जा."

भीमराव इतका हसला की खडूच्या गोलाबाहेर पडला. राऊत सरही हसले. पण मुकुट काढताना त्यांचे कान लाल झाले होते.

संमेलनाच्या पत्रिकेवर पाच वाजता असं छापलं होतं. पाचला हॉलमध्ये पहिल्या रांगा रिकाम्या, मागे गावाकडून आलेले आईबाप. माझी आईही आली होती. प्रमुख पाहुणे म्हणून एक पुढारी येणार होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही. ते आमच्याकडच्या सगळ्या कार्यक्रमांना येतात आणि सगळ्यांना उशिरा येतात. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, साहेब येईस्तोवर थांबू." मॅडमनी पत्रिका त्यांच्यापुढे धरली, काटा आपटला, सूर दिला आणि सुरुवात केली.

लॅटिन गाणं झालं. खरंच झालं. मागे कुणीतरी खोकलं, ते सोडलं तर शांत होतं. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की मधे टाळ्या नकोत, आणि आमच्या गावच्या माणसांनी ते मास्तरणीचा हुकूम म्हणून पाळलं. मग ऑपेरा. प्रत्येक भागाआधी त्या दोन ओळी मराठीत, दोन तेलुगूत सांगायच्या. राजाने पोरीला बोलावलं. पोरीला खरं कळलं. भीमरावचे पाय हलले नाहीत. लावण्या बापाचा निरोप घेत होती आणि मागे आम्ही सगळे हळूहळू, एकामागून एक, गळ्यानेच तिला न्यायला येत होतो. आता माय येणार होती.

तेवढ्यात बाहेर फटाके वाजले, मग ताशा. राऊत सर माईकवर आले. "ज्यांची आपण चातकासारखी वाट पाहत होतो..."

मॅडमचा हात थांबला नाही. एक बोट वर करून त्यांनी आम्हाला सांगितलं, चालू ठेवा. आम्ही ठेवलं. साहेब वीस-पंचवीस माणसांसह मधल्या वाटेने आले. आणि मग चार पोरांनी सोफा उचलून आणला. आमच्याकडे पाहुणा स्टेजवर सोफ्यात बसतो, खाली खुर्चीत नाही. स्टेजवर जागा एकच होती, मॅडम आणि आमच्यामधली. सोफा तिथे ठेवला. मॅडम सोफ्याच्या एका बाजूला, आम्ही दुसऱ्या. त्या हात उंच करून ताल देत राहिल्या. साहेब बसण्याऐवजी उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले. आमच्याकडे पाहुणा आला की स्वागतगीत होतं, आणि स्वागतगीत होईपर्यंत पाहुणा हात जोडून उभा राहतो. साहेबांनी तेच केलं. लावण्या मरायला निघाली होती आणि ते तिच्याकडे बघून हसत मान डोलवत होते.

त्यांच्या अंगावर कुणी शाल टाकली, कुणी हार घातला, फोटोवाले मधे घुसले. मॅडमचा हात दिसेना. पहिल्यांदा आम्ही चुकलो, मग पुढची रांग चुकली, आणि सगळं बंद पडलं. बंद पडलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला.

साहेबांनी माईक घेतला. "मी लय कार्यक्रमाले जातो. पन असं मनापासून स्वागत कुठंच नाही झालं. हे पाहा, ही पोरगी माह्यं स्वागत करता करता रडून राह्यली!"

मॅडम सोफ्याला वळसा घालून पुढे आल्या. माईक मागितला नाही. त्यांना कधी लागलाच नाही.

"साहेब, ते स्वागत नव्हतं. तिचा बाप तिले मारायले नेऊन राह्यला. अर्ध्यातच राह्यली ती. आता तुमी सोफा बाजूले घ्या, मले माह्ये लोक दिसत नाहीत."

आधी मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, मग सगळा हॉल. साहेबही हसले. त्यांच्या सोबतची माणसं हसली नाहीत. राऊत सरांनी माईक ओढून घेतला. "आमच्या मॅडमचा विनोदी स्वभाव! चला, पुढचा कार्यक्रम, समूहनृत्य!" आणि डीजे सुरू झाला. आम्हाला स्टेजवरून खाली उतरवलं. सोफा तिथेच राहिला.

मॅडम पडद्यामागे कागद गोळा करत होत्या. आम्ही खाली पडलेले उचलून देत होतो. पाच मिनिटं थांबल्या असत्या, सत्कार होऊ दिला असता, तर पुढे म्हणता आलं असतं का? मी यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, नसतं आलं. सत्कारानंतर भाषण असतं, भाषणानंतर दुसरं भाषण. त्यांना ते माहीत होतं. आणि माहीत नसतं तरी त्या थांबल्या नसत्या.

गावाकडे जाताना आईने मोटारसायकलवर मागून विचारलं, "मंग? मारलं का त्यानं पोरीले?"

"हो."

"अन् तिची माय कुठं होती?"

"ती यायची होती. तेवढ्यात हे आले."

आईने डोक्यावरचा पदर ओढून घेतला. मग म्हणाली, "हे लोक कुठं बी येऊन बसतेत."

त्या जूनमध्ये प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं नाही. कुणी काढलं असं नाही. काढल्याचा कागद नाही, कारण नाही. फक्त बोलावलं नाही. आमच्याकडे माणसाला असंच काढतात, म्हणजे नंतर पुन्हा सत्कार करायची सोय राहते. राऊत सर वर्गात म्हणाले, "विद्वान बाई. पण व्यवहार नाही." त्यांच्या तोंडी व्यवहार हा शब्द शोभला. दुसरं काही त्यांच्याकडे नव्हतंच.

मी मॅडमना शेवटचं पाहिलं आदिलाबादच्या बसस्टँडवर. यवतमाळकडे एका नर्सिंग कॉलेजात त्यांना इंग्रजी शिकवायचं काम मिळालं होतं. एक बॅग, एक छत्री. बॅग मी धरून उभा होतो. फलाटावर महाराष्ट्राची लाल बस लागली आणि तिने लांब हॉर्न दिला. मॅडमनी पर्समधून काटा काढला, गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला, आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला.

"अरे, हा बरोबर आहे," म्हणाल्या. "बघ, या गावात एक तरी सुरात आहे." आणि त्याच बसमध्ये चढल्या. खिडकीतून हात वगैरे केला नाही.

मी आता हैदराबादला एम.ए. करतो. मॅडमचा फोन लागत नव्हता, आणि लागला असता तरी माझं धाडस झालं नसतं. परवा लावण्याचा फोन आला. ती आता आदिलाबादलाच एका शाळेत शिकवते. तिने सांगितलं ते असं.

कॉलेजला तपासणीची मोठी समिती यायची होती. समितीला सांस्कृतिक उपक्रम दाखवावे लागतात. फाइलमध्ये आमच्या त्या कार्यक्रमाचा फोटो निघाला, सोफ्यासकट. राऊत सर आता उपप्राचार्य आहेत. त्यांनी मॅडमना प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. मॅडमनी कळवलं की येते, पण राहिलेलं तेवढं गाईन. राऊत सर म्हणाले, अवश्य, अवश्य. पत्रिकेवर सकाळी दहा छापलं होतं. मॅडमनी लावण्यालाही बोलावलं. त्या दहाला पोचल्या. हॉलला कुलूप होतं.

दोघी पायऱ्यांवर बसल्या. अकरा वाजले. मंडपवाला येऊन कापड टाकून गेला, किल्ली कुणाकडे आहे त्याला माहीत नव्हतं. लावण्या म्हणाली, "मॅडम, मायचं इथेच म्हणा ना. मी ऐकते."

मॅडमनी दाराकडे पाहिलं. "कुलपापुढे? नाही." मग उठल्या, साडीची धूळ झटकली आणि पुढच्या बसने गेल्या.

एकच्या सुमाराला कार्यक्रम सुरू झाला. समिती पहिल्या रांगेत होती. राऊत सरांनी तिन्ही भाषांत नमस्कार केला आणि जाहीर केलं की आपल्या कॉलेजचं भूषण, झाडे मॅडम, अपरिहार्य कारणाने येऊ शकल्या नाहीत, त्याबद्दल त्यांना फार वाईट वाटत आहे.

लावण्या उभी राहिली. "सर, मॅडम आल्या होत्या. दहा वाजता."

राऊत सर माईकवरून हसले आणि म्हणाले, "बस बेटा, बस. सूचना शेवटी घेऊ."